काथोडकाकांचा अंदाज

"आज लाईट जानार न्हाय," असं काथोडकाका म्हणाले की मी निमूट उठून मेणबत्ती शोधायला लागायचो.

माझं मेडिकल भिवंडीच्या जुन्या वस्तीत. चारी बाजूंना पॉवरलूम. दिवसभर खटाखट, खटाखट. बाहेरच्या माणसाला त्या आवाजात आमचं बोलणं ऐकू येत नाही आणि आम्हाला तो आवाजच ऐकू येत नाही. आम्हाला कळतं ते फक्त त्याचं थांबणं. काकांचं वाक्य संपलं रे संपलं की लूम बंद पडायचे आणि गल्लीत अशी शांतता व्हायची की चौथ्या घरातल्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात झाल्यासारखी वाटावी. समोरच्या लूमवाल्या सेठनं एकदा रडकुंडीला येऊन हात जोडले. "काका, मेहरबानी करो. आज बोल दो के लाइट जाएगी. अर्जंट माल है, शिफ्ट पूरी करनी है."

काका उखडले. "मी काय खोटं बोलू? मना वाटतं तेच मी बोलतो!"

एवढं बोलून ते पुन्हा बाकड्यावर बसले. हे बाकडं मी गिऱ्हाइकांसाठी ठेवलं होतं. तापानं फणफणलेली माणसं पायरीवर उभी असायची आणि ठणठणीत काथोडकाका बाकड्यावर मांडी घालून पेपर वाचत असायचे. एकदोनदा मी सुचवून पाहिलं. त्यावर, "आजारी मानसानं बसू नये डाक्टर, आंग जड होतं," असं उत्तर मिळालं. मी डॉक्टर नाही, मी औषधं विकतो, हेही सांगून थकलो होतो. आपण ज्याला डॉक्टर म्हणतो त्याच्या दारात रोज बसलं की तब्येत चांगली राहते, असा त्यांचा हिशेब असावा.

काका मूळचे जवळच्या शेलार गावचे, आगरी. शेतावर गोडाऊन उभी राहिली, मुलांनी टेम्पो घेतले आणि काकांच्या हाताला काम उरलं नाही. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, मानेभोवती नॅपकिन आणि पायात मुलाचे जुने बूट असा त्यांचा वेष. गावातली जमीन गेल्यावर त्यांनी सगळं लक्ष शहराच्या कारभारावर घातलं. पालिकेत काय चाललंय, कोण कुणाला फोडतोय, पाण्याची लाईन कुठे अडलीये, हे सगळं बाकड्यावर कळायचं.

रस्त्यावरच्या खड्ड्यांना त्यांनी नावं ठेवली होती. ज्या नगरसेवकाच्या काळात खड्डा पडला त्याचं नाव त्या खड्ड्याला. शिवाय त्या नगरसेवकानं पक्षांतर केलं तर खड्ड्याचा पक्षही बदलायचा. पत्ता विचारणाऱ्याला ते गंभीरपणे सांगायचे, "सरळ जा, माजी उपाध्यक्ष लागतील, त्यांच्या उजव्या अंगानं गाडी काढ, पुढं आरोग्य सभापती हायत, तिथं सांभाळ, खोल हायत." एकदा खुद्द आरोग्य सभापतींनी हे ऐकलं. रागानं लाल होऊन ते आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो खड्डा भरून घेतला. काकांनी आधीच्या संध्याकाळी ठणकावून सांगितलं होतं की हा खड्डा जन्मात भरला जाणार नाही.

तर असं होतं. काका बोलायचे त्याच्या बरोबर उलट व्हायचं. क्रिकेट असो, लग्न जुळणं असो, पाण्याचा टँकर असो. पण त्यांची खरी कीर्ती निवडणुकीतली. उमेदवारांची नावं जाहीर झाली की काका पेपर घडी करून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि एका माणसाचं नाव घ्यायचे. "हा आला म्हनून समज!" झालं. त्या माणसाच्या घरी सुतक. एका उमेदवाराची बायको दर निवडणुकीला जिलबी घेऊन यायची आणि म्हणायची, "काका, तुमच्या पाया पडते, पण ह्यांचं नाव तेवढं घेऊ नका."

काकांना स्वतःबद्दलचं हे सगळं ठाऊक होतं का, हे मला कळत नसे. जिलबी ते खायचे. "बाई चांगली हाय, तिचा नवरा आला म्हनून समज," असंही म्हणायचे. अहो, काय करायचं अशा माणसाचं!

हे उलटं होण्याचं प्रकरण अख्ख्या वॉर्डात एकच माणूस मानत नव्हता. तो म्हणजे याकूबभाई.

याकूबभाई इथलेच, कोकणी मुसलमान, आजोबांपासूनचे लूमवाले. उंच, सडपातळ, इस्त्रीचा कुर्ता, आणि मराठी माझ्याहून स्वच्छ. काका आणि ते पालिकेच्या शाळेत एका पाटावर बसलेले. दिवेलागणीची नमाज झाली की याकूबभाई मशिदीतून थेट बाकड्यावर यायचे. त्यांच्या हातात उर्दू पेपर, काकांच्या हातात मराठी. एकाच बातमीला दोन्ही पेपरांत काय लिहिलंय हे मोठ्यानं वाचून ताडून पाहायचं हा त्यांचा रोजचा खेळ. पाइपलाइन फुटली, तर हा पेपर म्हणतो रात्री फुटली, तो म्हणतो पहाटे. पाणी मात्र दोघांच्याही घरी आलेलं नसायचं. दोन पेपर एकमेकांच्या उलट बोलले की दोघं पोरांसारखे खूष व्हायचे आणि माझ्या खर्चानं चहा मागवायचे.

याकूबभाईंचं म्हणणं वेगळं होतं. काका पानपट्टीवर गेले असताना ते मला एकदा म्हणाले, "लोक येडे आहेत हो. काथोड्या अंदाज कुठं सांगतो? ज्याच्यावर त्याचा जीव बसतो, त्याचं नाव घेतो तो. आणि त्याचा जीव कुणावर बसतो? जो सरळ आहे, ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्यावर. आता तसला माणूस आपल्याकडं पडणारच ना! यात काथोड्याची काय पनौती?"

मी चाट पडलो. इतकी वर्षं बाकडं माझं, पण हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

याकूबभाईंना स्वतःला नगरसेवक व्हायचं होतं. उगाच हौस नव्हती ती. आमच्या मागच्या वस्तीतून एक उघडं गटार जायचं. त्यात लूमचं तेल, सूत, घाण, सगळं. पोरं आजारी पडायची आणि आया माझ्याकडे यायच्या. माझा धंदा होता तो, पण लाज वाटायची. ते गटार बांधून वरून झाकायचं, हा याकूबभाईंचा ध्यास होता. नगरपालिका होती तेव्हा ते एकदा उभे राहिले होते. त्या वेळी काथोडकाका गल्लोगल्ली फिरले. नॅपकिन उडवत ओरडत सुटले, "याकूब आला म्हनून समज! आलाच!" याकूबभाई पडले. थोडक्यात पडले. निकालाच्या संध्याकाळी नेहमीसारखे बाकड्यावर येऊन त्यांनी उर्दू पेपर उघडला आणि म्हणाले, "चल, वाच. तुझ्या पेपरात मी कितीनं पडलोय?"

काका वाचू शकले नाहीत. त्या दिवशी ते चहासुद्धा न घेता घरी गेले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. त्या वाईट वाटण्याचं पुढे काय होणार आहे, हे मला कुठून कळणार!

मग नगरपालिकेची महानगरपालिका झाली. खड्डे तेच राहिले, फक्त पाट्या मोठ्या झाल्या. पहिली निवडणूक लागली आणि याकूबभाई पुन्हा अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली पंखा. ज्या गावात दिवसाचे निम्मे तास वीज नाही, तिथे हा माणूस घरोघर जाऊन "पंख्यावर शिक्का मारा" म्हणत होता. बटण दाबायचं, शिक्का नाही, हेही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. त्यांच्यासमोर उभा होता रमाकांत, काथोडकाकांचा सख्खा पुतण्या. पक्षाचं तिकीट, चार जीपगाड्या, मागेपुढे पोरं.

बाकड्याभोवती माणसं जमली. काका कुणाचं नाव घेतात? काकांनी पेपर घडी केला. डोळे मिटले. आणि म्हणाले, "रमाकांत आला म्हनून समज. याकूब पडला."

मी काऊंटरमागून बाहेर आलो. कानांवर विश्वास बसेना. काका तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बूट घालून वॉर्डभर फिरायला लागले. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, लूमच्या दारात शिफ्ट सुटताना. "याकूबचं काय खरं न्हाय. पंखा काय फिरत न्हाय. पडला!" रमाकांत धावत आला. भर रस्त्यात त्यानं काकांचे पाय धरले. "काका, काय पाप केलं मी तुमचं? माझं नाव घेऊ नका ना! त्याचं घ्या!" काका म्हणाले, "तूच येनार. मना वाटतं तेच मी बोलतो." रमाकांतची आई, म्हणजे काकांची भावजय, त्या दिवसापासून काकांच्या घरची पायरी चढली नाही.

आणि याकूबभाई? त्यांच्या कानावर गेलंच. सांगणारेही मीठमसाला लावून सांगणारे. "बघितलंत ना? शेवटी त्यानं आपल्या रक्ताचंच बघितलं. आपल्या लोकांचंच बघितलं." याकूबभाईंनी त्यांना हाकलून दिलं. पण संध्याकाळी नमाजनंतर ते आले ते बसायला नाही. उभेच राहिले. पेपर हातात नव्हता.

"काथोड, तू असं बोलतोस?"

"हां. बोलतो."

"मी पडणार असं तुला वाटतं?"

"पडशील. नक्की पडशील."

काकांनी मान वर केली नाही. बुटाच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत बसले. याकूबभाईंनी त्या रेघांकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाले, "ठीक आहे. तुझा जीव नाही बसला माझ्यावर, तर काय करणार." आणि निघून गेले. मी हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

मला असा राग आला! मी काकांना वाट्टेल ते बोललो. शाळेपासूनचा मित्र, त्याच्या तोंडावर असं बोलता, काही आहे की नाही? काकांनी ऐकून घेतलं. मग खिशातून एक पुडकं काढलं. केळीच्या पानात बांधलेला झेंडूचा हार. "डाक्टर," ते म्हणाले, "परवा मतमोजनी. तुझ्या फ्रिजमदे ठेव. बाहेर सुकंल."

"हार? कुणासाठी? रमाकांतसाठी?"

"त्याचा काय संबंध? याकूब येनार ना!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

"मागल्या टायमाला माझ्या तोंडानं पडला तो," काका म्हणाले. "मना काय कळत न्हाय काय? मी ज्याचं नाव घेतो त्याची माती होते. म्हनून या टायमाला उलटं बोललो. पर त्याला सांगायचं न्हाय हां डाक्टर. कळलं तर बिघडंल. तुला तुझ्या पोरीची शपथ हाय."

माझ्या पोरीची शपथ घालायचा त्यांना काय अधिकार होता? पण घातली. मी हार घेतला आणि इन्सुलिनच्या शेजारी ठेवला.

याकूबभाई निवडून आले. थोडक्यात, पण आले. मिरवणूक आमच्या गल्लीतून निघाली. फटाके, गुलाल, ढोल, आणि त्या गर्दीत उघड्या जीपवर उभे याकूबभाई, इस्त्रीच्या कुर्त्याचं पार वाटोळं झालेलं. काका हार घेऊन बाकड्यापुढे उभे राहिले. फ्रिजमधला थंडगार हार, त्याचं पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत जात होतं. जीप समोर आली. याकूबभाईंनी पाहिलं. दोघांची नजरानजर झाली, हे मी स्वतः पाहिलंय. याकूबभाईंचा हात खांद्यापर्यंत वर आला, पण मग त्यांनी तो पलीकडच्या बाजूच्या माणसांना केला आणि जीप पुढे गेली.

काका बराच वेळ उभे होते. मग त्यांनी हार बाकड्यावर ठेवला. गल्लीतली एक शेळी आली आणि अर्धा हार खाऊन गेली. काका तिला हाकलेनात. "खाऊंदे," म्हणाले. "पोरगं आलं ना निवडून. आता गटार व्हईल."

मला वाटलं, आता तरी सांगतील. नाही! त्यांचं म्हणणं, पाच वर्षांची मुदत आहे, मुदत पुरी होईपर्यंत तोंड सांभाळलं पाहिजे. म्हणून मग पुढची वर्षं काथोडकाका रोज बाकड्यावर बसून नगरसेवक याकूबभाईंची निंदा करायचे. "गटाराचं काम मंजूर होनार न्हाय." झालं. "मंजूर झालं तरी सुरू होनार न्हाय." सुरू झालं. "झाकन काय पडत न्हाय." काँक्रीटची झाकणं पडली, पोरं त्यावर क्रिकेट खेळायला लागली. काका त्या झाकणांवरून चालून आले, एकेक झाकण पायानं दाबून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "मजबूत केलंय. याकूबचं काम हाय." मग बाहेर जाऊन मोठ्यानं ओरडले, "टिकनार न्हाय!"

मध्ये दिल्लीची निवडणूक झाली. काका म्हणाले सरकार परत येणार, आणि पेपरांतली सगळी विद्वान मंडळीही तेच म्हणत होती. सरकार पडलं. त्या वर्षी एकटे काकाच चुकले नाहीत, याचा मला आनंद झाला होता. पण हा आनंद ज्याच्याबरोबर वाटून घ्यावा तो माणूस बाकड्यावर नव्हता. काका दोन्ही पेपर विकत घ्यायचे. उर्दू त्यांना वाचता येत नसे. तो घडी करून शेजारी ठेवायचे आणि मराठी मोठ्यानं वाचायचे. पाइपलाइन फुटल्याची बातमी आली की थांबायचे.

याकूबभाई माझ्याकडे औषधं न्यायला येत. शुगर होती त्यांना. बाकड्याकडे पाठ करून उभे राहत. ते काऊंटरवर असेपर्यंत काका मुद्दाम खोकत आणि खाकरत, पण एक शब्द बोलत नसत. एकदा याकूबभाईंनी आवाज बारीक करून मला विचारलं, "गुडघ्याचं औषध घेतो का तो? की नुसतंच बसतो?" मी म्हटलं, "तुम्हीच विचारा ना." त्यांनी गोळ्यांची पट्टी खिशात टाकली आणि गेले. खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं हो. पोरगी समोर दुकानात बसून अभ्यास करत होती. तिच्याकडे बघितलं आणि गप्प बसलो.

मुदत संपायला थोडे महिने राहिले असताना याकूबभाईंच्या किडन्या गेल्या. ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मग आयसीयू. बातमी गल्लीत आली तेव्हा काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. चेहरा पांढराफटक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून ते वॉर्डात निघाले.

टपरीवर, न्हाव्याकडे, लूमच्या दारात. "याकूब काय वाचत न्हाय. गेला. लिहून घ्या, गेला तो." कुणी थुंकलं, कुणी शिव्या दिल्या. एका म्हाताऱ्या बाईनं चप्पल उगारली. काका तिला म्हणाले, "मार. पर तो जगत न्हाय." आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना कळेना, हा माणूस रडतोय की शाप देतोय.

याकूबभाईंचा मुलगा रियाज हॉस्पिटलातून कपडे न्यायला आला होता. त्यानं हे ऐकलं. तो गल्लीत आला आणि त्यानं काकांची कॉलर धरली. "शरम नहीं आती चाचा? मेरे बाप ने क्या बिगाड़ा था आपका?" काकांनी सोडवून घेतलं नाही. तसेच लटकत म्हणाले, "तुझा बाप मरनार हाय बाला." रियाजनं हात उचलला. मी मध्ये पडलो.

शपथ गेली खड्ड्यात! मी रियाजला दुकानात ओढलं आणि सगळं सांगितलं. पहिल्या पराभवापासून हारापर्यंत, गटाराच्या झाकणापर्यंत, सगळं. तो तीस वर्षांचा बाप्या काऊंटरवर डोकं ठेवून रडला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अंकल, अब्बांना सांगितलं. ते हसले. बोलले, त्या येड्याला घेऊन या."

काकांना मी स्कूटरवर बसवलं. कशेळीच्या पुलावर ट्रकांची ही रांग. काका मागून विचारत होते, "त्याला सांगितलंस? कशाला सांगितलंस? आता कसं व्हायचं?" मी ट्रकांमधून स्कूटर काढत राहिलो. ते मग माझ्या पाठीवर कपाळ टेकून बसले.

याकूबभाई एवढेसे झाले होते. नाकात नळी, हातात सुई. काका दारातच थबकले. याकूबभाईंनी बोटानं जवळ बोलावलं.

"काय रे काथोड्या, मी मरणार बोलतोस?"

"हां." काकांचा आवाज फुटत नव्हता. "नक्की मरशील."

"मग हळू कशाला बोलतोस? जोरात बोल. त्या डॉक्टरला ऐकू जाऊ दे."

"मरशील!" काका ओरडले. नर्स धावत आली. याकूबभाई हसायला लागले, हसता हसता खोकला आला, रियाजनं पाणी दिलं. काका पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी याकूबभाईंचा पाय धरून ठेवला.

थोड्या वेळानं याकूबभाई म्हणाले, "एवढंच होतं तर सांगायचं होतंस ना मला."

"सांगितलं असतं तर पडला असतास."

"पडलो असतो तर काय झालं असतं रे?" त्यांनी डोळे मिटले. "संध्याकाळी येऊन बसलो असतो तुझ्याजवळ. नगरसेवक होऊन मला कुणी पेपर वाचून दाखवला नाही."

गटार झालं, हे खरं आहे. त्या वस्तीतली पोरं आता कमी आजारी पडतात, हेही खरं आहे. पण या दोन माणसांच्या तेवढ्या वर्षांच्या संध्याकाळी त्यात गेल्या, आणि त्या आता कुठून आणायच्या?

काका रोज ठाण्याला जायला लागले. दोन्ही पेपर घेऊन. उर्दू पेपर रियाज वाचायचा, मराठी काका. निघताना काका न चुकता म्हणायचे, "उद्या काय तू दिसत न्हाईस." याकूबभाई म्हणायचे, "ये उद्या, बघू." असे काही दिवस फार चांगले गेले. मग एका शुक्रवारी दुपारी याकूबभाई गेले.

कबरस्तानात गर्दी मावेना. रियाजनं काकांना हात धरून पुढे नेलं. काकांनी माती टाकली, नॅपकिननं हात पुसले, आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. रडले नाहीत. मला म्हणाले, "डाक्टर, माझं बरोबर आलं."

मी म्हटलं, "काका, त्यांना आजारच तसा होता. तुमच्या बोलण्यानं काही झालं नाही."

"जल्मात एकदा बरोबर आलं," ते म्हणाले, "आनि तेच का आलं?"

त्यानंतर काकांनी बोलणं सोडलं. म्हणजे औषध मागायचे, चहा घ्यायचे, पण पुढचं काही सांगायचे नाहीत. निवडणूक येऊन गेली, कुणाचं नाव घेतलं नाही. लाईट जाईल का, विचारलं तर हात हलवायचे. रमाकांतची आई मनातला राग सोडून भेटून गेली, तिच्याशीही हं, हं एवढंच.

त्या जूनमध्ये माझी पोरगी शिकायला पुण्याला निघाली. लहानपणापासून काकांच्या मांडीवर वाढलेली. टॅक्सी दारात उभी होती. ती वाकून काकांच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "काका, आशीर्वाद द्या की."

"काय बोलू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी दुकानात कधी पाहिला नव्हता. "चांगलं बोललो आनि उलटं झालं तर? वाईट बोललो आनि खरं झालं तर? आता माझं कुठलं खरं होतं, तेच मना कळत न्हाय रे."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. माझी पोरगी शहाणी. ती तशीच वाकून राहिली. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी तिच्या डोक्यावरचा हातही काढला नाही.